कडी लावलेलं दार

पौर्णिमाच्या पानांना शाळेत सगळे हसत. "मॅडम, पोपट कुठं ठेवला?" हा विनोद शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांनी करून झाला होता, आणि प्रत्येकाला वाटे की तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. ती त्यांना हसू देई. हिंगणघाटात चौदा वर्षं चित्रकला शिकवलेल्या बाईला लोकांच्या हसण्याचं फारसं काही वाटेनासं होतं.

तीन वर्षांपूर्वी तिच्याच शाळेतल्या ज्योत्स्ना मॅडमनं तिला नागपूरहून टॅरोची पानं आणून दिली होती. त्यांत तलवारी होत्या, ढगातून निघालेले हात होते, घोड्यावर बसलेले गोरेपान सरदार होते. रोज सकाळी एक पान काढायचं आणि त्याच्यापुढं घटकाभर बसून आपलं मन आपणच तपासायचं, ही रीत पौर्णिमाला फार आवडली, पण त्या सरदारांशी तिचं काही जमेना. परक्या पाहुण्यापुढं घरातली गोष्ट काढावी तसं तिला अवघडल्यासारखं होई. म्हणून तिनं स्वतःची पानं केली. घरात साठलेल्या लग्नपत्रिका एका मापात कापल्या आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर चित्रं रंगवली. विहीर, सुपात पाखडलेली तूर, फुटलेलं कापसाचं बोंड, एसटीची वाट पाहणारी बाई, मोडलेली छत्री, अशी एकूण बेचाळीस. प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरात एक प्रश्न होता. सुपाखाली लिहिलं होतं, 'काय उडून गेलं तर चालेल?' ते पान आलं त्या दिवशी ती हेडमास्तरांशी भांडायला निघाली होती, ती अर्ध्या वाटेतच थंडावली. पान भविष्य सांगत नाही, पान फक्त विचारतं, हे ती ऐकणाऱ्यालाही सांगे आणि न ऐकणाऱ्यालाही सांगे.

संध्याकाळी ती पानं पिसून, फडक्यात गुंडाळून देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवी आणि सकाळी अंघोळ झाली की सगळ्यांत वरचं उचले. सकाळी पिसलं तर आपला हात लबाडी करेल, असा तिला स्वतःचाच संशय होता.

तिची आई देवकाबाई यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग, असं त्या म्हणत. चित्रं मात्र त्या कौतुकानं पाहत आणि लेकीची पानं म्हणजे देवाला विचारायचीच एक नवी तऱ्हा, असं धरून चालत. त्यांचं माहेर केळझरचं. मोठा निर्णय असला की त्यांच्या घरी गणपतीपुढं पळसाच्या पानांच्या दोन पुड्या ठेवत. एकीत तांबडं फूल, एकीत पांढरं. ज्याचा प्रश्न त्यानं एक पुडी उचलायची. तांबडं निघालं तर जायचं, पांढरं निघालं तर थांबायचं. पौर्णिमानं अशी पुडी एकदाच उचलली होती. ती एकोणीस वर्षांची असताना वडील गेले, आणि त्याच उन्हाळ्यात नागपूरच्या चित्रकलेच्या कॉलेजात तिचा नंबर लागला होता. धाकटा भाऊ नागेश तेव्हा बारा वर्षांचा होता. फूल पांढरं निघालं. पौर्णिमा बालवाडीत नोकरीला लागली. पुडी स्वतःच्याच हातानं उचललेली, तेव्हा रुसायचं तरी कोणावर! पुढं बाहेरून परीक्षा देत देत ती शिक्षिका झाली, नागेशला तिनं आयटीआय करवलं, त्याचं लग्न लावून दिलं. तिच्या स्वतःच्या लग्नाचं वय कधी निघून गेलं, ते कोणी विचारलं नाही.

आता नागेश छत्तीस वर्षांचा होता, कापसाच्या जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियन होता, आणि त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या.

सहा महिने तो आठवड्यातून तीनदा वर्ध्याला जाऊन डायलिसिस करून घेत होता. हातावरची शीर दोरखंडासारखी फुगली होती. चेहऱ्याचा रंग चुलीतल्या राखेसारखा झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, किडनी मिळाली तर हा माणूस पुन्हा कामाला लागेल, नाही तर असं किती दिवस चालेल ते सांगता येत नाही. त्याची बायको मोहिनी हिला स्वतःलाच शुगर होती, देवकाबाईंचं वय सत्तर. उरली पौर्णिमा. तिच्या तपासण्या झाल्या आणि सगळं जुळलं. ज्या दिवशी जुळलं त्या दिवशी मोहिनीनं तिचे पाय धरले, शेजारच्या विमलाबाईंनी पेढा भरवला, आणि तिला अजून कोणी विचारलंच नव्हतं हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

नागेशनं मागितली नाही. तो तिच्या डोळ्याला डोळा देईनासा झाला, एवढंच. त्याचं ते न मागणं तिला जास्त जड जाई.

आणि तिला भीती वाटत होती. पोट चिरण्याची भीती, भूल उतरणारच नाही याची भीती, पुढं आपल्याला काही झालं तर आपल्या उशाशी कोण, याची भीती. त्या भीतीखाली आणखी एक गोष्ट होती, तिची तिला लाज वाटे. पुन्हा मीच का, असं तिच्या मनात येई. एका मंगळवारी नागपूरच्या दवाखान्यातली, किडनी देण्याला मंजुरी देणारी समिती तिला एकटीला बसवून विचारणार होती, आणि त्या दिवशी जे तोंडातून निघेल ते कायमचं. हातात बारा दिवस होते.

तेव्हापासून ती पानांपुढं जास्त वेळ बसू लागली. आणि तेव्हापासूनच एक पान पुन्हा पुन्हा येऊ लागलं. बाहेरून पाहिलेलं लाकडी दार, आतून कडी लावलेलं. कडी बाहेरून दिसत नाही, म्हणून तिनं दाराची फट जरा मोठी रंगवून आतली कडी दाखवली होती. चित्राखालचा प्रश्न तिचाच होता, दोन वर्षांपूर्वी लिहिलेला, 'कोणाच्या तोंडावर दार लावलंस?'

पहिल्या दिवशी तिनं पान बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेच आलं. तिसऱ्या दिवशी छत्री आली, तेव्हा तिला हायसं वाटलं. चौथ्या दिवशी पुन्हा दार. आठ दिवसांत सहा वेळा तेच पान वर आलं. पान भविष्य सांगत नाही म्हणणाऱ्या त्या शहाण्या बाईचा धीर सुटला. सख्खा भाऊ उंबऱ्याबाहेर उभा आहे आणि आपण कडी घालून आत बसलोय, असं तिला दिवसभर वाटत राही. वर्गात मुलं रंग कालवत आणि ती खिडकीपाशी उभी राहून स्वतःला दूषणं देई. नवव्या दिवशी सकाळी तिनं वहीत लिहिलं, 'देते.' लिहिताना काही मोकळं वाटलं नाही. गुन्हा कबूल केल्यासारखं वाटलं.

रविवारी दुपारी ज्योत्स्ना आली. समितीला दोन दिवस राहिले होते. मैत्रिणीचा उतरलेला चेहरा पाहून तिनं उगाच विषय बदलला. "तुही पानं तं दाखव सगळी. मी एकेकच पाहिलं आहे आजवर."

पौर्णिमानं सगळी पानं सतरंजीवर सुलटी पसरली. पसरता पसरता तिचा हात थांबला. अर्ध्या मोडलेल्या भाकरीचं पान दिसत नव्हतं. तिनं मोजली, तेहतीस भरली. पुन्हा मोजली, पुन्हा तेहतीस. कडीच्या पानाच्या कोपऱ्यावर हळदी-कुंकवाचा पुसट डाग होता, बोटाच्या पेराएवढा. या घरात पहाटे उठून देवाला हळदी-कुंकू वाहणारं माणूस एकच होतं.

ज्योत्स्नाला तिनं चहा दिला आणि बळेच हसून वाटेला लावलं. देवकाबाई विमलाबाईंकडं पापड लाटायला गेल्या होत्या. पौर्णिमानं देवाचा पाट उचलला. खाली जुन्या ब्लाउजच्या तुकड्यात बांधलेली नऊ पानं होती.

तिनं ती एकेक मांडली. अर्धी भाकर. एका घागरीतून दुसऱ्या घागरीत पडणारं पाणी. बंडीला जुंपलेली बैलजोडी. ओटी भरणारे हात. वेणा नदीवरचा पूल. एका दिव्यावर लावलेला दुसरा दिवा. आंधळ्याची काठी धरून चालणारी मुलगी. दुसऱ्याच्या डोईवर भारा उचलून देणारी बाई. आणि पान्हवलेली गाय. एकूण एक पान देण्याचं होतं. देण्याची नऊ पानं काढून घेतली होती आणि कडी लावलेलं दार वर ठेवलं होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस ती स्वतःला चोर समजत होती, आणि तिला चोर ठरवणारी तिची आई होती!

देवकाबाई परतल्या तेव्हा त्यांच्या हाताला पापडाचं पीठ होतं. सतरंजीवरची नऊ पानं पाहून त्या दारातच उभ्या राहिल्या. खोटं बोलण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

"मीच काढली," त्या म्हणाल्या.

"अन् हे तूच वर ठेवत होती?"

"रोज नाई ठेवलं. रोज ठेवलं असतं तं तुले समजलं असतं."

"माय, काय लिहिलं आहे याच्यावर, माहीत आहे तुले?" पौर्णिमाचा आवाज चढला. "कोणाच्या तोंडावर दार लावलंस, असं लिहिलं आहे! आठ दिवस झाले, मी सकाळी उठून हे वाचून राह्यली. मले वाटलं, मी भावाच्या जिवावर उठली. मी किडनी द्यावी असं तुले वाटत होतं तं तोंडानं म्हणाचं होतं, दे म्हणून. असं आडून काऊन मारलं मले?"

देवकाबाई सतरंजीवर बसल्या. त्यांनी ते पान हातात घेतलं आणि चित्राखालच्या अक्षरांवरून पिठाचं बोट फिरवलं.

"असं लिवलं हाये यावर?" त्या कशाबशा म्हणाल्या. "मले तं कडी दिसली, बाई. कडी लाव अन् घरात राय, इतकंच सांगाचं होतं मले. जाऊ नको. देऊ नको."

पौर्णिमाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. 

"तुले वाटते, मी तुले दे म्हनीन?" देवकाबाईंचे डोळे भरून आले. "कोन्या तोंडानं म्हनू? तिकडं तो सुया टोचून घेऊन राह्यला. तुले नको म्हनलं तं त्याले मारल्यासारखं होते. तुले दे म्हनलं तं... एकडाव मागून बसली मी तुले. दुसऱ्यांदा मागाले जीभ रेटत नाई. म्हनून म्हनलं, पानानं सांगू दे. देवानं सांगितलं तं कोनाचं नाव येत नाई मंधात."

"एकदा कधी मागितलं तुनं? तेव्हा तं फूल निघालतं."

देवकाबाई पिठाचे हात पदराला पुसत राहिल्या. मग खाली पाहूनच म्हणाल्या, "दोन्ही पुड्यांत पांढरंच होतं."

 पौर्णिमा उठली, चपला घातल्या आणि बाहेर पडली.

ती वेणेच्या काठापर्यंत चालत गेली. उन्हं कलली होती, नदीत पाणी जेमतेम होतं, आणि पलीकडच्या हायवेवरून ट्रक जात होते. चोवीस वर्षं ती देवाशी समजुतीनं वागली होती. कॉलेजचं पत्र तिनं स्वतः फाडलं होतं आणि त्याच्या इच्छेपुढं काय, असं म्हणून डोळे पुसले होते. ती इच्छा एका घाबरलेल्या विधवेची होती. तिला आईचा मनापासून राग आला, इतका की तिनं काठावरचा दगड उचलून पाण्यात भिरकावला आणि मोठ्यानं रडली. धुणं धुणाऱ्या दोन बायका वळून पाहत राहिल्या, तरी तिनं आवाज आवरला नाही.

रडणं ओसरल्यावर मात्र एक गोष्ट तिच्या मनातून हलेना. या घरात आपण म्हणजे देणारं माणूस, असंच तिनं धरलेलं होतं. पोटचा मुलगा मरणाच्या दारात असताना कोणी तरी आपल्याला वाचवायला धडपडेल, पाटाखाली पानं लपवेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आईनं तिच्यासाठी लबाडी केली होती. पहिल्या खेपेला तिच्याकडून घेण्यासाठी केली, या खेपेला तिला राखण्यासाठी केली. दोन्ही वेळा तिला विचारलं मात्र नव्हतं.

मग तिनं स्वतःला विचारलं, पानाशिवाय. रागानं नाही म्हटलं तर ते आईच्या पांढऱ्या फुलाचं उत्तर होईल. भीतीनं हो म्हटलं तर ते कडीच्या पानाचं. तुला काय हवं, पौर्णिमा? तिला आठवलं, नागेशचा पहिला पगार झाला तेव्हा त्यानं साडी आणली नव्हती. रंगांची मोठी पेटी आणली होती, चोवीस बाटल्यांची. ती टेबलावर ठेवून तो "दुकानदार म्हणे चांगली आहे" एवढंच बोलून पळाला होता. आपली बहीण कशाला मुकली हे त्या घरात एकट्या त्याला माहीत होतं, आणि ते बोलून दाखवायची त्याला लाज वाटली होती. तो मेलेला तिला चालणार नव्हता. त्यात उपकार नव्हता आणि कर्तव्यही नव्हतं. भीती होतीच, ती तशीच राहिली. पण तिला तो हवा होता, आणि हे तिचं स्वतःचं होतं.

घरी येऊन तिनं बेचाळीस पानं एकत्र केली, फडक्यात बांधली आणि कपाटात टाकली. सोमवारी तिनं पान काढलं नाही. आईशीही ती बोलली नाही. ताट वाढलं, जेवली, उठली.

मंगळवारी ती, नागेश आणि देवकाबाई अशी तिघं नागपूरला गेली. दवाखान्यातल्या आतल्या खोलीत टेबलामागं समितीचे तीन जण होते, कोपऱ्यात कॅमेरा होता. प्रौढ वयाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पाणी दिलं, धोके समजावून सांगितले आणि मग पेन खाली ठेवलं.

"मॅडम, एक सांगते. तुम्हाला नको असेल तर इथं नाही म्हणा. घरच्यांना आम्ही ते कळू देणार नाही. तपासणीत बसत नाही, एवढंच बाहेर सांगू. तुमच्यावर कोणी बोट दाखवणार नाही."

पौर्णिमाला गणपतीपुढच्या त्या दोन पुड्या आठवल्या. बाई भल्यासाठीच सांगत होत्या, हे तिला समजत होतं.

"तसं नको," ती म्हणाली. "माझं उत्तर काहीही असलं तरी बाहेर माझंच म्हणून सांगा. मला द्यायची आहे. मला भीती वाटते, पण द्यायची आहे."

त्यांनी आणखी बरंच विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं, आणि शेवटी तिची सही घेतली.

बाहेर बाकावर नागेश आणि देवकाबाई बसले होते. मधे पाण्याची बाटली होती. नागेशनं मान वर केली नाही. "हो म्हणून आली मी," पौर्णिमानं सांगितलं.

देवकाबाई उठून उभ्या राहिल्या. कॉरिडॉरमध्ये गर्दी होती, ट्रॉल्या जात होत्या, लोक नंबराची वाट पाहत होते. त्यांनी एका हातानं भिंत धरली, दुसऱ्या हातानं लेकीचं मनगट धरलं आणि नागेशच्या देखत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नको देऊ, पौर्णिमा. माय म्हनून सांगतो तुले. नको देऊ."

म्हणून झाल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. मुलाकडं पाहण्याची त्यांची हिंमत नव्हती.

नागेशनं मान वर केली. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यानं बहिणीच्या डोळ्यांत पाहिलं. 

"सहा महिने झाले, माय," तो म्हणाला, "मी वाट पाहून राह्यलो, कोणीतरी ताईले नको म्हणावं. मले म्हणता येत नव्हतं. मले जगाचं होतं नं."

देवकाबाईंनी मिटल्या डोळ्यांनीच हात पुढं केला, आणि त्यानं तो धरला.

"ऐकलं मी माय तुहं," पौर्णिमा म्हणाली. "अन् देतो मी."

तिनं आईला बाकावर बसवलं आणि ती त्या दोघांच्या मधे बसली. बाटली तिनं मांडीवर घेतली. कोणी कोणाचा हात सोडला नाही, आणि आतून नागेशचं नाव पुकारलं तेव्हा ती तिघंही एकदम उठली.